वीस दिवस पाण्यावर: बोट आणि माणसं धड कशी ठेवावीत

प्रश्न थोडक्यात असा आहे: तिघं जण, 38 फुटी शिडाची बोट. किनाऱ्याकिनाऱ्याने भरपूर फिरलेत, पण सलग दोन रात्रींपेक्षा जास्त कधी बाहेर राहिलेले नाहीत. आता नोव्हेंबरअखेर कॅनरी बेटांवरून निघून अटलांटिक ओलांडायचा आणि कॅरिबियनमधल्या सेंट लुशियाला पोचायचं. बोट आणि क्रू दोन्ही धड राहावेत म्हणून रोज नेमकं काय करायचं?

हा पल्ला मी सहा वेळा मारलाय, त्यातला चार वेळा दुसऱ्यांच्या बोटी पोचवून देण्यासाठी. दुसऱ्याची बोट नेताना एक शिस्त आपोआप लागते. काय मोडलं, कधी मोडलं, ते वहीत लिहावं लागतं, कारण शेवटी मालकाला हिशोब द्यायचा असतो. त्या वह्या आज चाळल्या तर वादळाने मोडलं असं फारसं काही सापडत नाही. बहुतेक नोंदी एकाच जातीच्या: घासून गेलं. दोर घासला, पिन घासली, शीड घासलं, माणसाची कातडी घासली. आणि दहाव्या-बाराव्या दिवसाच्या सुमारास माणसंच एकमेकांना घासायला लागली.

एक साधा हिशोब करून बघा. पल्ला सुमारे 2,700 सागरी मैलांचा. तुमच्या आकाराची बोट दिवसाला 130 ते 140 मैल कापते, म्हणजे वीस दिवस. व्यापारी वारे पाठीमागून येतात, बोट डावी-उजवीकडे डुलत राहते, दर पाच सेकंदांना एक हेलकावा धरा. दिवसाला 17,000 च्या वर, वीस दिवसांत साडेतीन लाख. किनाऱ्यालगतच्या सफरीत एखादा दोर पुलीच्या कडेला जरासा टेकत असेल तर तो हंगामभर टिकतो आणि तुमच्या लक्षातही येत नाही. इथे तोच दोर त्याच जागी साडेतीन लाख वेळा घासणार आहे. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की घासायची जागा रोज शोधा आणि जमेल तिथे ती बदला. दोरांची बदला, माणसांचीही बदला. पुढे जे लिहितोय तो त्याचाच तपशील.

मला हे पहिल्या पल्ल्यात नवव्या दिवशी कळलं. मेनसेल, म्हणजे डोलकाठीमागचं मोठं शीड, उतरवून ठेवलं होतं आणि जीब, म्हणजे पुढचं शीड, पोल (आडवा दांडा) लावून बाहेर ताणून धरलं होतं. पहाटे डेकवर गेलो तर पोलच्या तोंडाशी शीटवर, म्हणजे शीड ताणून धरणाऱ्या दोरावर, काहीतरी पांढरं, पिंजलेलं दिसलं. वाटलं, एखाद्या पक्ष्याचं पीस अडकलं असेल. पोल आत घेऊन पाहिलं तर शीटचं बाहेरचं आवरण वीतभर लांबीत पार उडालेलं आणि आतला गाभा उघडा पडलेला. शीट तुटला की शीड मोकळं होऊन फडफडतं आणि काही मिनिटांत फाटतं. रात्री दोन वाजता तुटला असता तर डुलणाऱ्या डेकवर पुढे जाऊन ते शीड आवरायला तिघांनाही उठावं लागलं असतं. आदल्या संध्याकाळी मी त्याच शीटकडे पाहिलं होतं, पण कॉकपिटमधून, म्हणजे मागे सुकाणूपाशी बसूनच.

उपाय फार सोपा आहे. रोज पहाटे शीट हातभर आत घ्या किंवा हातभर सोडा, म्हणजे कालची जागा आज घासणार नाही. हॅलयार्डचं, म्हणजे शीड वर चढवणाऱ्या दोराचंही तेच. डोलकाठीच्या माथ्यावरच्या चाकावरून तो दिवसरात्र एकाच जागी वाकलेला असतो, म्हणून विंचवर (दोर ओढायच्या फिरकीवर) चार बोटं हलवायचा. यासाठी निघतानाच हॅलयार्ड दोन मीटर जास्त लांब ठेवा, म्हणजे खराब झालेलं टोक कापून नव्याने गाठ मारता येते. पोलच्या धातूच्या जबड्यातून शीट थेट नेऊ नका, मधे एक पुली अडकवा. जिथे जागा बदलणं शक्यच नाही तिथे जुन्या पाण्याच्या नळीचा तुकडा उभा चिरून दोरावर चढवा, नाहीतर चामड्याची पट्टी शिवा. मेनसेल वापरणार असाल तर वारा मागून असताना ते डोलकाठीच्या आडव्या दांड्यांवर आणि बाजूच्या तारांवर टेकतं. तिथे आधीच ठिगळं शिवून न्या आणि बूम, म्हणजे मेनसेलच्या खालचा आडवा दांडा, वर-खाली हलणार नाही असा खाली ओढून बांधा. बूम अचानक दुसरीकडे झेपावू नये म्हणून जो प्रिव्हेंटर लावता तो बूमच्या टोकाला बांधून पुढच्या पुलीवरून परत कॉकपिटमध्ये आणा. बूमच्या मध्यावर बांधलेला प्रिव्हेंटर लाटेत बूम बुडाला की बूमच मोडतो.

आता पहाटेची फेरी. ही तुमच्या दिवसातली सगळ्यात मोलाची पंधरा मिनिटं. उजेड फुटला की एकाने हार्नेस, म्हणजे बोटीला बांधून ठेवणारा पट्टा, अडकवून पूर्ण डेकवर चक्कर मारायची. आधी वर बघायचंच नाही, आधी डेककडे बघायचं. डेकवर पडलेली बारीकशी वस्तू ही वरून आलेली चिठ्ठी असते. एकदा मला स्प्लिट पिनचा अर्धा तुकडा सापडला, नखाएवढा. कुठून आला ते शोधायला तासभर गेला. बूम डोलकाठीला जिथे जोडलेला असतो तिथली जाड पिन अर्धी बाहेर सरकली होती, तिला अडवणारी हीच ती छोटी पिन होती. पाच मिनिटांची दुरुस्ती. दोन दिवस उशीर झाला असता तर बूम सुटून हातात आला असता.

मग दुर्बिणीतून वर. तारा जिथे टोकाच्या फिटिंगमध्ये शिरतात तिथे बघा. तारेचा एखादा पदर तुटला की तो कुसळासारखा बाहेर येतो. हात फिरवून तपासायचा मोह होतो, फिरवू नका, हाताचं बोट फाटतं. एक पदर तुटला म्हणजे डोलकाठी पडणार असं नाही, पण त्या बाजूवरचा भार कमी करायचा, शीड लहान करायचं आणि जादा दोराने त्या तारेला आधार द्यायचा. 2018 च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने, न थांबता जग फिरायच्या शर्यतीत 73 वर्षांच्या जाँ-ल्यूक व्हान डेन हीडची बोट प्रशांत महासागरात उलटीपालटी झाली आणि खालच्या तारांची डोलकाठीवरची पकड काही सेंटीमीटर खाली सरकली. ते डोलकाठीवर पुन्हा पुन्हा चढले, ती जागा बांधून काढली, पुढचे हजारो मैल कमी शिडावर सांभाळून बोट चालवली आणि 212 दिवसांत शर्यत जिंकली. तुमच्या वाट्याला असलं काही येऊ नये, पण दुखावलेल्या बोटीला कसं वागवायचं ते यातून कळतं.

खाली उतरल्यावर बिल्जची, म्हणजे बोटीच्या तळातल्या खळग्यावरची, फळी उचला. तिथे पाणी असेल तर हाताचं बोट बुडवून चाटा. तोंड वाकडं करू नका, ही सगळ्यात जलद तपासणी आहे. खारट असेल तर बाहेरून येतंय: शाफ्टचं सील, एखादा व्हॉल्व्ह, सुकाणूची नळी. गोड असेल तर तुमची टाकी गळतेय, आणि ती बातमी तितकीच वाईट. त्यानंतर मागचा कप्पा उघडून सुकाणूची यंत्रणा टॉर्चने बघा. पुलीखाली काळी किंवा तांबूस भुकटी साचली असेल तर वर काहीतरी खातंय. बोल्ट हाताने हलवून बघा. इथे कानही वापरा. रोज तोच ‘कुर्र’ आवाज येत असेल तर हरकत नाही, नवा आवाज आला की उठायचं. इमर्जन्सी टिलर, म्हणजे चाक निकामी झाल्यावर सुकाणूला लावायचा दांडा, बंदरातच एकदा लावून पाहा. मी दोन बोटींवर पाहिलंय की तो दांडा बसतो व्यवस्थित, पण फिरवायला गेलं की मागच्या बाकावर आपटतो.

विजेचं थोडक्यात सांगतो. तुमच्या आकाराच्या बोटीवर ऑटोपायलट, म्हणजे आपोआप सुकाणू धरणारं यंत्र, सरासरी 4 ते 5 अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला 100 ते 120 अँपिअर-तास. फ्रीज, दिवे आणि उपकरणं धरून आकडा 200 च्या आसपास जातो. साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या निम्म्याच्या खाली उतरवायच्या नसतात, तेव्हा 400 ची बँक म्हणजे तुमच्या हातात फक्त एका दिवसाची शिल्लक. सोलर पॅनेल मागे लावलेली असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा: तुम्ही पश्चिमेला चालला आहात, दुपारनंतर सूर्य पुढे जातो आणि शिडाची सावली नेमकी पॅनेलवर पडते. कागदावरच्या आकड्यातून एक तृतीयांश आधीच वजा करा. वाऱ्यावर चालून सुकाणू धरणारं विंडव्हेन लावलं असेल तर निम्मी चिंता मिटली. नसेल तर प्रत्येकाने दिवसातून अर्धा-एक तास हाताने सुकाणू धरायची सवय ठेवा. ऑटोपायलट बंद पडण्याच्या दिवशी ती शिकायची वेळ नसते.

पाण्याचा हिशोबही असाच रोकडा असू द्या. प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला किमान 3 लिटर. तिघांचे वीस दिवसांचे 180 लिटर होतात, तुम्ही 270 न्या. हे सगळं एका टाकीत ठेवू नका. एक टाकी उघडी, दुसरी बंद, आणि शिवाय 40-50 लिटर कॅनमध्ये, म्हणजे एका गळतीने किंवा टाकीच्या हवेच्या नळीतून शिरलेल्या खाऱ्या पाण्याने सगळं जाणार नाही. वॉटरमेकर असेल तर छानच. पण ते यंत्र समुद्राचं पाणी 55-60 बारच्या दाबाने पडद्यातून ढकलतं, आणि इतक्या दाबाची कुठलीही वस्तू समुद्रावर रुसू शकते. त्याचं पाणी अंघोळीला वापरा, जीव त्याच्यावर टांगू नका. प्रेशर पंप बंद ठेवून हातपंप किंवा पायपंप वापरलात तर खर्च आपोआप निम्म्यावर येतो. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची आणि शेवटचा एक हात गोड्या पाण्याचा.

आता माणसांकडे येतो. बोटीचे सुटे भाग बरोबर नेता येतात, माणसाचे नाहीत.

पहिले तीन दिवस सगळ्यात कठीण. वारा कितीही चांगला असो, शरीर अजून जमिनीवरच असतं. तिघांपैकी एकाला तरी बोट लागणार असं धरूनच चाला, आणि ज्याला ‘मला कधीच लागत नाही’ असं वाटतं त्याच्यावर जास्त लक्ष ठेवा. गोळी घ्यायची असेल तर निघण्याच्या आदल्या रात्रीपासून घ्या. उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहतच नाही. आणि तीच गोळी आधी जमिनीवर एकदा घेऊन पाहा, काहींना तिने इतकी गुंगी येते की आजार परवडला. कानामागे लावायचा स्कोपोलामिनचा पट्टा तीन दिवस चालतो, पण काचबिंदू किंवा लघवीचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. उलट्या होत असतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट पाजत राहा. चमचा चहाचा. आडवं पडणं, डोळे मिटणं किंवा सुकाणू हातात घेऊन क्षितिजाकडे बघणं, तिन्हीचा उपयोग होतो. खाली वाकून मोबाईल बघणं मात्र सर्वांत वाईट. उलटीसाठी कोणी कठड्यावर वाकला की त्याचा हार्नेस अडकवलेला आहे की नाही ते दुसऱ्याने बघायचं, त्याला स्वतःला त्या क्षणी कशाचीच फिकीर नसते. दोन दिवस पोटात काही टिकलं नाही आणि लघवी जवळजवळ बंद झाली तर उपग्रह फोनवरून डॉक्टरांचा सल्ला घ्यायची वेळ आली असं समजा. वाट पाहू नका.

या तीन दिवसांसाठी जेवण बंदरातच शिजवून ठेवा, फक्त गरम करायचं आणि खोल वाडग्यातून चमच्याने खायचं. पहिल्या तीन दिवसांत कुठलंही मोठं काम काढू नका. आणि लहान वाटणारी एक गोष्ट: पुठ्ठ्याची खोकी बोटीवर आणू नका, त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. केळ्यांचा अख्खा घडही नेऊ नका, तो एकाच दिवशी पिकतो आणि मग दोन दिवस कोणी दुसरं काही खात नाही.

पहाऱ्यांबद्दल लोक तावातावाने वाद घालतात. माझं मत सांगतो. तिघांसाठी रात्रीचे तीन पहारे: 9 ते 12, 12 ते 3, 3 ते 6. दिवसा सैल ठेवा, ज्याला झोप हवी त्याने झोपावं. बरेच जण पहारे रोज फिरवतात, म्हणजे अन्याय होत नाही. मी तसं करत नाही, कारण शरीराचं घड्याळ लागायला चार-पाच दिवस जातात आणि रोज फिरवलं तर ते कधीच लागत नाही. पण एकालाच तीन आठवडे 3 ते 6 दिलंत तर तो माणूस तिथेच झिजतो, दोरासारखा. म्हणून आठवड्याने सरकवा. तिघं जण, तीन आठवडे, प्रत्येकाला प्रत्येक पहारा एकदा. शिवाय वाटेत घड्याळ चार तास मागे घ्यायचं आहे, कारण हिवाळ्यात सेंट लुशियाची वेळ कॅनरी बेटांच्या तेवढी मागे असते. दर वेळी वाढलेला तास कोणा एकाच्या पहाऱ्यात ढकलू नका, 20-20 मिनिटं वाटून घ्या. हसू येईल, पण मी त्या एका तासावरून भांडण पाहिलंय.

झोप हा चैनीचा विषय नाही. सलग 17 तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे प्रयोगांनी दाखवून दिलंय. झोपायची जागा बोटीच्या मध्यात आणि खाली निवडा. पुढच्या केबिनमध्ये लाटांचा मार बसतो. बाजूला कापडी आडोसा घट्ट बांधा, म्हणजे अंग सैल सोडता येतं, नाहीतर झोपेतही स्नायू धरून ठेवायचं काम करत राहतात. आणि रात्री कपाटात खुळखुळणारा डबा शोधून त्याच्याभोवती टॉवेल कोंबणं हे त्या दिवसाचं सगळ्यात पुण्याचं काम.

टेहळणीबद्दल एक आकडा मनावर कोरून ठेवा. मोठ्या जहाजाचा डोलकाठीवरचा दिवा किमान 6 मैलांवरून दिसावा असा नियम आहे. जहाज 20 नॉटने (तासाला 20 सागरी मैल) समोरून येतंय, तुम्ही 6 ने जाताय, म्हणजे दिसल्यापासून गाठ पडेपर्यंत जेमतेम 14 मिनिटं. ‘दर 20 मिनिटांनी एकदा उठून बघतो’ म्हणणारे हा भागाकार करत नाहीत. 10 मिनिटांचा गजर लावा. एआयएसचा, म्हणजे आसपासची जहाजं दाखवणाऱ्या यंत्राचा, अलार्म हवाच, पण ते यंत्र सगळ्यांकडे नसतं आणि असलं तरी चालू असतंच असं नाही.

रात्री शीड कमी करण्याबद्दल तरुण क्रू माझ्यावर चिडतो. सूर्य मावळताना वारा 15 नॉट, आकाश स्वच्छ, आणि मी म्हणतो रीफ करा. या पट्ट्यात रात्रीचे काळे ढग अचानक येतात आणि वारा दहा मिनिटांत दुप्पट होतो. आधीच शीड लहान असेल तर पहाऱ्यावरचा एकटा माणूस ते निभावून नेतो. रात्रभरात फार तर दहा मैल गमावले असतील, आणि त्या बदल्यात झोपलेल्या दोघांची झोप वाचली. मला हा सौदा नेहमीच स्वस्त वाटलाय.

माझी एक चूक सांगतो, कारण ती तुमच्यापैकी जो कप्तान असेल तो नक्की करणार. दुसऱ्या की तिसऱ्या पल्ल्यावर पहाटे चारला एका नवख्या मुलाने मला उठवलं. मागून जहाज येतंय, दिवा फार तेज आहे. धडपडत वर गेलो तर पूर्वेला शुक्र उगवला होता. मी त्याला काहीतरी लागट बोललो आणि परत झोपलो. चार रात्रींनंतर सकाळी वही वाचताना नोंद दिसली: ‘02.40, मालवाहू जहाज, उजवीकडून, अर्ध्या मैलावरून गेलं.’ मला उठवलं नव्हतं. का, ते विचारायची गरज नव्हती. तेव्हापासून निघण्यापूर्वी मी सगळ्यांना सांगतो की शंका आली की हाक मारा, आणि उठवल्यावर पहिला शब्द ‘बरं केलंस’ असतो, मग समोर शुक्र असो की चंद्र.

माणसं माणसांना घासतात ते कशावरून, हेही वहीतच सापडतं. एका पल्ल्यात अकराव्या दिवशी दोघांनी एकमेकांशी बोलणं बंद केलं. वरकरणी कारण होतं न धुतलेला मग. मग म्हणजे चहाचा साधा मग, सिंकमध्ये लोळत होता, आणि त्यावरून आवाज इतका चढला की मी झोपेतून उठून आलो. एकेकाला बाजूला घेतल्यावर कळलं की खरी गोष्ट वेगळीच होती. एक जण रोज रात्री पहाऱ्यावर सात-आठ मिनिटं उशिरा येत होता. सात मिनिटं म्हणजे काही नाही. पण दहा रात्री, पहाटे तीनला, भिजलेल्या कपड्यांत, दुसऱ्याने ती सात मिनिटं मोजली होती. दोर कुठे घासतोय ते वाढेपर्यंत दिसत नाही, तसंच हे. आता मी रोज दुपारी चारला सगळ्यांना कॉकपिटमध्ये अर्धा तास एकत्र बसवतो. काहीतरी खायचं, उद्याचा वारा सांगायचा, आणि प्रत्येकाने त्या दिवसाची एक तक्रार बोलून टाकायची, कितीही क्षुल्लक असो. सुरुवात मी माझ्या चुकीने करतो, म्हणजे बाकीच्यांना संकोच वाटत नाही. कामंही आलटून पालटून द्या. सतत स्वयंपाक करणारा आणि सतत बिल्ज पुसणारा, दोघंही दुसऱ्या आठवड्यात कडू होतात. आणि प्रत्येकाचा बंक, म्हणजे झोपायची जागा, ही त्याची खोली. तिथे कोणी बसायचं नाही, वस्तू ठेवायच्या नाहीत.

अंगाची काळजी म्हणजे मुख्यतः मिठाशी लढाई. कपड्यात मुरलेलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं, त्यामुळे खाऱ्या पाण्याने भिजलेला कपडा कधी पुरता वाळत नाही. तोच कपडा घालून दिवसभर बाकावर बसलं की मांड्यांच्या मागे आणि बैठकीवर पुरळ उठतं, मग फोडं येतात. रोज संध्याकाळी एक मगभर गोड्या पाण्यात फडकं भिजवून तेवढा भाग पुसा, कोरडा करा आणि कोरडी चड्डी घाला. हे लाजून टाळतात आणि मग उभ्याने पहारा देतात. डेकवर अनवाणी फिरू नका, पायाचं बोट फिटिंगवर आपटून मोडणं ही अगदी नेहमीची दुखापत आहे. बद्धकोष्ठही ठरलेलं. पाणी कमी प्यायलं जातं आणि डुलणाऱ्या संडासात जायचा कंटाळा येतो. लघवी गडद दिसली की पाणी वाढवा. दात निघण्यापूर्वी महिनाभर आधी दाखवून या.

भाजण्याची भीती मला वादळापेक्षा जास्त वाटते. स्टोव्ह झोके घेतो तेव्हा भांडं जागेवर राहतं, पण तुम्ही ते उचललंत की तो भरवसा संपला. लाट आली की उकळतं पाणी मांडीवर. म्हणून गॅलीत, म्हणजे स्वयंपाकाच्या जागेत, उघड्या मांड्यांनी उभं राहायचं नाही, उन्हाळा असला तरी जाड प्लास्टिकचा एप्रन किंवा पावसाळी पँट. कप अर्धाच भरायचा, आणि कोणी हातात धरलेल्या कपात ओतायचं नाही, कप सिंकमध्ये ठेवून ओतायचं. भाजलंच तर 20 मिनिटं गार पाण्याखाली धरा. पाण्याची कंजूषी तिथे करू नका.

आणि बोटीवरून खाली पडू नका. हे वाक्य विनोदी वाटतं, पण 6 नॉट म्हणजे सेकंदाला 3 मीटर. कोणी पडल्याचं कळायला एक मिनिट लागलं तर माणूस 185 मीटर मागे राहिला, लाटांमध्ये नारळाएवढं डोकं. पोल लावलेली बोट थांबवून वळवायला पाच-दहा मिनिटं सहज जातात, आणि तिघांपैकी एक पाण्यात, एक झोपेत. म्हणून केबिनच्या पायऱ्यांवर असतानाच हार्नेस अडकवायचा, मग बाहेर पाऊल. रात्री एकट्याने कॉकपिटच्या पुढे जायचं नाही, दुसऱ्याला उठवायचं. हार्नेसचा पट्टा जमेल तितका आखूड आणि दोर डेकच्या मध्याजवळून नेलेला, म्हणजे घसरलात तरी कठड्याच्या आतच राहाल. लघवीला पुरुषांनी कठड्याशी उभं राहायचं नाही, हेही स्पष्ट सांगून टाका.

पंधराव्या दिवसानंतर एक वेगळंच दुखणं येतं. सगळं सुरळीत चाललेलं असतं, म्हणून पहाटेची फेरी पाच मिनिटांवर येते, मग ‘काल पाहिलं होतं की’ वर येते. माझ्या वह्यांत शेवटच्या पाच दिवसांत मोडतोडीच्या नोंदी जास्त आहेत, आणि त्याचं कारण दोन्हीकडचं आहे: दोर तेव्हाच सर्वांत जास्त झिजलेले असतात आणि डोळेही. मी त्या टप्प्यावर फेरी मारणारा माणूस बदलतो. नव्या डोळ्यांना लगेच काहीतरी दिसतं.

किनारा जवळ आल्यावर घाई करू नका. बेट अंधारात येणार असेल तर आदल्या दुपारीच शीड कमी करून वेग उतरवा किंवा बाहेर पाण्यात थांबून उजाडू द्या. वीस दिवस कोणी नांगराला हात लावलेला नसतो, साखळी कप्प्यात ढीग होऊन अडकलेली असते, ती आदल्या दिवशी चार मीटर बाहेर काढून परत आत घ्या. इंजिनही दोन दिवस आधी अर्धा तास चालवून बघा. वीस दिवस टाकीत घुसळलेल्या डिझेलचा तळचा गाळ नेमका तेव्हा फिल्टरमध्ये येतो, आणि जादा फिल्टर उघड्या समुद्रात बदलणं खडकांमध्ये बदलण्यापेक्षा बरं. चालू केलंत की फक्त पुढच्या गिअरमध्ये नको, रिव्हर्समध्येही एकदा टाकून बघा.